योइचीचा कोळसा आणि नाशिकचं ऊन

दिंडोरीकर: मासाताका ताकेत्सुरूंनी स्कॉटलंडात शिकलेली व्हिस्की बनवण्याची पद्धत जपानमधल्या होक्काइदोत योइची गावी रुजवली (कारखान्याची स्थापना १९३४, पहिली व्हिस्की १९४०). तिथे आजही स्टिलखाली, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या भांड्याखाली, दगडी कोळसा जळतो. कशासाठी? आणि ही व्हिस्की नाशकात मुरवली तर?

तांबटआळी: चवीसाठी. थेट आचेने तळाला वॉश (आंबवलेला धान्याचा रस) किंचित करपतो, त्यातून भाजका, जड स्वाद येतो. कोळसा दर सात-आठ मिनिटांनी घालावा लागतो. पहिल्या ऊर्ध्वपातनात खरी कसोटी: फेस नळीत चढला की वॉश थेट पुढे जातो, आणि वाफेसारखी ही आच चटकन बंद करता येत नाही. यीस्ट तळाला चिकटून जास्त करपलं तर जळका वास शेवटपर्यंत जात नाही. म्हणून अशा स्टिलमध्ये तळ खरवडणारी तांब्याची साखळी फिरवतात. हे कसब फार मोलाचं आहे, टिकायलाच हवं.

पिंपवाला: मुरवण्याचं गणित मात्र इथे बदलतं. स्कॉटलंडात पिंपातलं मद्य वर्षाला साधारण २ टक्के उडतं, आपल्याकडे १० टक्क्यांच्या आसपास. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी आधी उडतं, अल्कोहोलचं प्रमाण चढतं, पिंपाच्या लाकडाचा अर्क मद्यात भराभर उतरतो. बारा वर्षं ठेवाल तर नुसती ओक लाकडाची कडवट चव हाती लागेल. चौथ्या वर्षापासून दर तिमाहीला नमुना काढा.

दिंडोरीकर: वाइनची जुनी पिंपं चालतील?

पिंपवाला: चालतील, पण गंधकाची धुरी दिलेली असेल तर आतून खरवडून पुन्हा भाजून घ्या.