रात्रीच्या गरवण्याला स्वस्तातली डोक्याची बॅटरी: दुरुस्ती आणि वापर (अनुभव धागा)

खडकावरून गरवणारे (गळाने मासे पकडणारे), पाग (फेकायचं जाळं) टाकणारे, कुर्ल्या धरणारे बहुतेक जण दोन-तीनशे रुपयांची डोक्याची बॅटरी वापरतात आणि बंद पडली की फेकून देतात. आतला एलईडी बहुधा धडधाकट असतो. जातं ते त्याच्या आजूबाजूचं. ज्यांनी उघडून जोडल्यात त्यांनी लिहा: काय गेलं होतं, कसं ओळखायचं, काय बसवायचं. आकडे द्या, नुसतं ‘मस्त चालते’ नको.

देवगड

आधी वायर बघा. दिवा आणि मागचा सेलचा डबा जोडणारी वायर डब्याच्या तोंडाशी, रबरी बूच असतं तिथे, आतल्या आत तुटते. वरचं आवरण शाबूत राहतं म्हणून कळत नाही. दिवा चालू ठेवून वायर तिथेच दोन्ही बाजूंना वाकवा. लुकलुकला की जागा सापडली. तुटलेल्या टोकापाशीच जोड देऊ नका. खारं पाणी आवरणाच्या आतून वर चढतं आणि तांबं काळं पडतं. काळ्या तांब्यावर डाग (सोल्डर) धरत नाही, कितीही फ्लक्स (सोल्डर धरायला लावतात ती पेस्ट) लावा. लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. नवी वायर बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची, 22 गेजची घ्या. श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) आधी ओवा, मग डाग द्या. बुचाच्या आतल्या बाजूला वायरीला गाठ मारा, म्हणजे ओढ डागावर येत नाही.

रत्नागिरी, दुरुस्तीचं काम

मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा आणि दिवा मोठ्या उजेडावर चालू असतानाच मोजा. सेलच्या टोकांना 4.0 आणि सर्किटच्या तोंडाशी 3.4 आले, तर मधले 0.6 व्होल्ट गंजलेली स्प्रिंग, स्विच किंवा वायर खातेय. बंद दिव्यावर प्रवाहच नसतो, त्यामुळे सगळं ठीकच दिसतं. स्प्रिंग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि तिच्या टोकापासून बुडापर्यंत वायरचा तुकडा डागून टाका.

आतला लिथियम सेल 18650 मापाचा असतो, 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब. वेष्टनावर 9900 एमएएच (सेलची क्षमता) छापलेलं असलं तर तो सेल घेऊच नका. या मापाचा चांगला सेल 2500 ते 3500 चा असतो आणि वजनाला 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. 30 भरला तर आत माल कमी आहे. 2.5 व्होल्टच्या खाली गेलेला लॅपटॉपचा जुना सेल परत चार्ज करू नये. सेलवर थेट डाग देऊ नका, टोकांना धातूची पट्टी जोडलेलाच आणा.

चार्जिंग गेलं असेल तर टीपी4056 ची पट्टी (लिथियम सेल चार्ज करणारं छोटं तयार सर्किट) बसवा, पण ‘आउट’च्या खुणा असलेली. नुसत्या ‘बी’च्या खुणांची पट्टी सेल पार रिकामा होऊ देते. दिव्याची वायर ‘आउट’लाच जोडायची. मूळ 1.2 किलोओहमच्या रेझिस्टरवर ती 1 अँपिअर देते. लहान सेल असेल तर 2 किलोओहम टाका, प्रवाह 0.6 अँपिअरच्या आत येतो.

वेंगुर्ले

वरच्यात एक भर, आणि ही नीट वाचा. थेट भिंतीच्या प्लगला लागणाऱ्या काही बॅटऱ्यांत 4 व्होल्टचा शिसं-आम्लाचा डबा असतो. तो काढून त्याच चार्जिंगवर लिथियम सेल लावू नका. शिशाची बॅटरी 4.2 च्या वर चार्ज होते. लिथियम सेल तिथे फुगतो, पेटतो. शिवाय त्या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसता कपॅसिटर असतो. प्लग लावलेला असताना आत बोट घातलं तर 230 व्होल्टचा झटका बसू शकतो. लिथियम घालायचा असेल तर जुनं चार्जिंग मुळापासून काढा.

अलिबाग

पाणी अडवायला सिलिकॉन वापरताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा आतल्या तांब्यावर कळंक आणतो. बिनवासाचा न्यूट्रल आणा आणि वायरीच्या भोकाला, काचेच्या कडेला लावा. झाकण मात्र कधीही सिलिकॉनने बंद करू नये, असं माझं ठाम मत. आत शिरलेलं पाणी मग निघत नाही आणि पुढची दुरुस्तीही होत नाही. झाकणाला रबरी रिंग आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. काच झटपट गोंदाने चिकटवली की आतून पांढुरकी होते, ते टाळा.

घरी आल्यावर बॅटरी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, पट्टा काढून वेगळा धुवा. सुकलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. बॅटरी कपाटात असली तरी गंज चालूच असतो.

मालवण

वापराबद्दल. गरी बांधायला, आमिष लावायला सगळ्यात कमी उजेड पुरतो. काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर लावा. पांढऱ्या झोताने डोळे दिपले की अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात आणि तेवढा वेळ खडकावरची लाट दिसत नाही. झोत पायाशी ठेवा, पाण्यावर फिरवू नका. उथळ पाण्यातला मासा बुजतो. माकूल (स्क्विड) उजेडाकडे येते, पण प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली आहे, तो धंदा वेगळा आणि वाईट. लुकलुकणारा मोड संकटापुरता ठेवा. खिशात दुसरी लहान बॅटरी हवीच, आणि सुटा सेल प्लास्टिकच्या डबीत. किल्ल्यांबरोबर टाकलात तर शॉर्ट होईल.