एकाच शंखावरून नवी जीवाश्म प्रजाती नेमावी का?

शिंपलाशोध: माझं उत्तर नाही. शंखाचा आकार परिस्थितीनुसार बदलतो. न्युसेला लॅपिलस ही आजची गोगलगाय बघा: शांत, खेकड्यांच्या किनाऱ्यावर तिचं कवच जाड आणि मुख अरुंद, लाटा आदळतात तिथे कवच पातळ, मुख रुंद. हेच दोन नमुने वेगवेगळ्या थरांत सापडले असते तर त्यांना दोन नावं मिळाली असती. पिल्लांपासून प्रौढांपर्यंतचे नमुने हाती नसतील, तर थांबावं.

होलोटाइप: नमुने किती असावेत, याची अट प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत नाही. १९३० नंतरच्या नावाला वेगळेपण शब्दांत सांगणारं वर्णन लागतं. १९९९ नंतर होलोटाइप (नाव ज्या एका नमुन्यावर टेकतं तो) किंवा सिंटाइप (मिळून तोच आधार देणारे अनेक नमुने) स्पष्टपणे ठरवावे लागतात आणि ते कोणत्या संग्रहात आहेत किंवा ठेवले जातील हेही लिहावं लागतं. एक चांगला शंख पुरतो. नाव हे गृहीतकच आहे. चुकलं तर ते जुन्या नावाचं समानार्थी ठरतं.

शिंपलाशोध: ठरतं, पण कधी? तोवर ते याद्यांत राहतं आणि प्रजातींची संख्या फुगवतं. साच्यांचं तर फारच वाईट. अ‍ॅरॅगोनाइटचं कवच विरघळून गेलं की आत भरलेला गाळ तेवढा उरतो. त्यावर बाहेरच्या कण्या (उंचवट्याच्या रेषा) आणि गाठी उमटलेल्या नसतात, तरी त्यांना नावं दिली गेलीत.

चाळणी: आतल्या साच्याबद्दल मान्य. पण भोवतालच्या खडकात बाह्य ठसा शाबूत असेल तर त्यात सिलिकॉन रबर ओतून घ्या, नक्षी बारकाव्यांसकट मिळते. नमुना टाकण्याआधी खडकाचा दुसरा तुकडा शोधा.

खरी अडचण प्रोटोकाँकची, म्हणजे टोकावरच्या अळीअवस्थेतल्या कवचाची. प्रौढ शंखांत ते बहुधा झिजलेलं किंवा तुटलेलं असतं. म्हणून सुटा गाळ ०.५ मिमीच्या चाळणीतून धुवा आणि पिल्लं वेचा. बरेच बारीक वेढे असतील तर अळी समुद्रात तरंगत खात होती. एक-दीड फुगीर वेढा असेल तर तशी नव्हती. बाकी सारखे दिसणारे दोन शंख इथे वेगळे निघाले, तर मी त्यांना दोन प्रजाती मानेन. मात्र एवढ्यावरून जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) ठरवू नका, कारण एकाच जीनसमध्ये दोन्ही प्रकार सापडतात.

फोटोसाठी अमोनियम क्लोराइडचा पातळ थर द्या आणि काम झालं की लगेच धुवा. तो दमट हवेत पाणी ओढतो आणि आम्ल होऊन कवच खातो. कोन शंखांसारख्यांना त्याआधी ब्लीचमध्ये भिजवून, धुऊन, वाळवून अतिनील दिव्याखाली पाहा. उडालेल्या रंगांचे पट्टे चमकतात. नुसत्या आकारावर वर्णन लिहिणारे हा पुरावा वाया घालवतात, याचा राग येतो.

होलोटाइप: म्हणजे एक शंख, पण त्यातून सगळं काढलेलं. मग हरकत काय?

शिंपलाशोध: टोक नसेल तर हरकत आहेच. उंच, निमुळता शंख परस्परांशी नातं नसलेल्या कुळांत पुन्हा पुन्हा झालाय. टरिटेला या उंच, निमुळत्या शंखांच्या गटात जीनस ठरवताना सुरुवातीच्या वेढ्यांवर कोणती सर्पिल कणी आधी उगवते आणि वाढरेषा (वाढताना कवचाची कड कुठे होती ते दाखवणारी रेषा) कशी वळते, हे पाहतात. टोक तुटलं की पहिली खूण गेली. अशा वेळी जीनसपुढे प्रश्नचिन्ह घाला आणि प्रजातीचं नाव देऊ नका.

होलोटाइप: वाढरेषा मधल्या वेढ्यांवरही दिसते. बाह्योष्ठ, म्हणजे मुखाची बाहेरची कड, फुटलेला असला तरी तिच्यावरून त्याचं वळण काढता येतं. निदानात, म्हणजे प्रजातीचं वेगळेपण सांगणाऱ्या वर्णनात, 'नक्षी स्पष्ट' लिहू नका. शाबूत असलेला पहिला वेढा कितीच्या व्यासाचा, त्यावर किती कण्या, हे आकड्यांत द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला टोकासकट नमुना मिळाला की पडताळता येईल.