४जी प्लस सिम घेतलं पण गोडोलीत स्पीडच नाही, मदत हवी आहे

शटर_सातारा:
नमस्कार मंडळी, काम अडकलंय, लवकर सांगा. कंपनीचा माणूस दुकानात येऊन सांगून गेला की आता साताऱ्यात दोन-तीन बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) एकत्र करून नेटवर्क दिलंय, ३०० एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला ३०० मेगाबिट) स्पीड मिळतो. म्हणून सिम घेतलं. फोनवर ४जी+ दिसतं पण स्पीड अजिबात नाही. सिम काढून घातलं, रिस्टार्ट केलं, कस्टमर केअरवाले २४ तास थांबा म्हणतात. कुठली सेटिंग बदलायची तेवढं सांगा.

माणदेशी_मास्तर:
फोन कुठला? दुकानात बसून बघताय की बाहेर? आणि आकडा सांगा हो, "अजिबात नाही" वरून कुणाला काय कळणार.

पाटील_कोरेगाव:
एपीएन (फोनमधली नेट जोडायची सेटिंग) रिसेट मारा दादा. माझ्या भावाचं असंच झालेलं, एपीएन नवीन टाकलं आणि नेट लय भारी पळायला लागलं. डोळे झाकून करा.

टॉवरवाला:
पाटील, एपीएन चुकलं असेल तर नेट चालूच होत नाही. ह्यांचं चालू आहे. किती बँड जोडायचे ते टॉवर आणि फोन मिळून ठरवतात, त्याला सेटिंग नसते.

पाटील_कोरेगाव:
आम्ही करून बघितलंय म्हणून सांगतोय, पुस्तकातलं नाही.

शटर_सातारा:
फोन चांगला आहे, वीस हजारांचा. काउंटरवर १८ एमबीपीएस येतात, दारातल्या पायरीवर उभं राहिलं की ४५. दुकान अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आहे, मागच्या बाजूला डोंगरच.

सावलीताई:
एवढा त्रास असेल तर पोर्ट करा की. इंग्रजी अक्षरात PORT लिहून स्पेस देऊन आपला नंबर १९०० ला मेसेज करायचा, कोड येतो, तो दुसऱ्या कंपनीला द्यायचा.

माणदेशी_मास्तर:
ताई, सिम नवीन आहे. ९० दिवस झाल्याशिवाय पोर्ट होत नाही. आणि त्यांनी ते विचारलेलंच नाही.

टॉवरवाला:
पायरीवर ४५ आणि आत १८, इथंच उत्तर आहे. ४जी मध्ये एक बँड जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंदीचा धरतात. साध्या दोन अँटेनाच्या फोनला त्यातून १५० एमबीपीएस निघतात, तेही कागदावर. असे दोन पूर्ण बँड जोडले की ३००. आता कुठल्या बँडमध्ये कंपनीकडे १० च मेगाहर्ट्झ असेल तर त्याचे ७५ च धरायचे. त्यात हा आकडा त्या टॉवरच्या एका बाजूला जेवढे लोक असतील त्या सगळ्यांत वाटला जातो, संध्याकाळी सगळे घरी येऊन व्हिडिओ लावतात तेव्हा काय होत असेल बघा. दुसरं म्हणजे १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचे बँड रुंद असले तरी भिंतीतून आत येताना मार खातात. ८५० आणि ९०० चे आत येतात पण ते अरुंद असतात. म्हणजे काउंटरवर तुम्हाला बहुतेक एकच अरुंद बँड मिळतोय. वरती ४जी+ दिसतं त्याचा अर्थ टॉवर बँड जोडू शकतो, आत्ता जोडलेत असा नेहमी नसतो. डोंगर मागे आहे म्हणता, मग टॉवर फक्त पुढच्या बाजूचेच मिळणार. दारात ४५ म्हणजे चांगलाच स्पीड आहे.

कास_पठार_प्रेमी:
वाटला जातो हे एकदम खरं. फुलांच्या सीझनला शनिवार-रविवारी कासला जाऊन बघा, साधा फोटो जात नाही. तिथं गाड्यांवर जरा मर्यादा आणायला पाहिजे, फुलं तुडवतात लोक, जीव तुटतो बघून.

शटर_सातारा:
कासचं नंतर बघू. मला ४५ मध्ये काम होत नाही. लग्नाची शूटिंग पुण्याला एडिटरकडे पाठवायची आहे, ४० जीबी, रात्रभर लावलं तरी जात नाही.

माणदेशी_मास्तर:
म्हणजे अपलोड! हे पहिल्या ओळीत सांगायला पाहिजे होतं दादा.

टॉवरवाला:
मग सगळं गणितच वेगळं. बँड जोडतात ते बहुतेक डाउनलोडसाठी, वर पाठवताना फोन साधारण एकाच बँडवर असतो. कॅटेगरी म्हणजे फोनची ४जी स्पीडची श्रेणी; कॅटेगरी ४ चा फोन डाउनलोडला १५० चा आणि कॅटेगरी ६ चा ३०० चा, पण अपलोड दोन्हीला ५० च, तेही कागदावर. २३०० मध्ये तर एकाच पट्ट्यात आळीपाळीने येणं-जाणं चालतं आणि जास्त वेळ येण्याला दिलेला असतो. तुमचा अपलोड किती येतो?

शटर_सातारा:
आत ३, दारात १० च्या आसपास.

टॉवरवाला:
१० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी, आठाने भागायचं. एक जीबीला सव्वातेरा मिनिटं धरा, ४० जीबीला जवळपास नऊ तास, मध्ये तुटलं नाही तर. आत ३ वर ठेवलं तर दिवस पुरणार नाही.

पाटील_कोरेगाव:
एवढं असेल तर ५जी घ्या सरळ.

टॉवरवाला:
५जी चा ३३०० चा बँड भिंतीत ह्याच्याहून जास्त अडकतो. दारात मिळत असेल तर जरूर घ्या, पण काउंटरवर बसून तेच रडगाणं होईल.

गोडोलीतलाच:
मी शेजारच्याच गल्लीत आहे, फायबर घ्या, दुसरं काही नको. अपलोडही डाउनलोडएवढाच देणारा प्लॅन आहे का ते आधी विचारा. रस्ता खणला की केबल तुटते हे खरं, पण तेव्हा सिम आहेच.

शटर_सातारा:
फायबरला जोडणी मिळायला वेळ लागेल, मला उद्या द्यायचंय. फोन गच्चीवर चार्जिंगला लावून हॉटस्पॉटवर रात्री अकरानंतर चालू करतो. फाइल तुकडे करून पाठवली तर मध्येच तुटल्यावर पहिल्यापासून जाते का?

माणदेशी_मास्तर:
तुकडे केलेत तर फक्त तुटलेला तुकडाच परत जाईल. दोन-दोन जीबीचे करा. आणि एडिटरला विचारा त्यांना मूळ फाइलच पाहिजेत का, हलक्या (कमी जीबीच्या) प्रतीवर एडिट सुरू करता येतं, मूळ हार्डडिस्क नंतर एसटी पार्सलने जाते.

शटर_सातारा:
हलक्या प्रतीचं विचारतो त्यांना आत्ताच.

वाईकर_९१:
माझंही वाईत असंच आहे, मेणवली रोडला. मी कुठला फोन घेऊ?