सेटलमेंट ते जामीन

तुरुंग-दवाखान्यांचा विषय निघाला की 'वंशभेद अमेरिकेत, आपल्याकडे सगळा खेळ पैशाचा' असं म्हटलं जातं. हे मत सोलापूरकर म्हणून पटत नाही. आपल्या गावातली सेटलमेंट आठवा, म्हणजे 'गुन्हेगार' जमातींना कोंडून ठेवायची वसाहत. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. कैकाडी, पारधी तारेच्या कुंपणात आणि दररोज हजेरी. कायदा १९५२ला गेला, संशय राहिला. कुठे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी या लोकांच्या पालावर. (तुरुंगांच्या वार्षिक अहवालात या जमातींचा, म्हणजे विमुक्तांचा, वेगळा रकानाही नाही!) पैसा येतो तो पुढे. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार? ना सातबारा, ना पगाराची स्लिप. देशातल्या कैद्यांत चारातले जवळपास तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, ते उगाच नाहीत. दवाखान्यातही तेच: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन मोफत, पण काउंटरवर आधी रेशनकार्ड मागतात, आणि पालावरच्या बाईकडे पत्त्याचा पुरावाच नसतो.