चार म्हातारे, साडेतीन तास : 'द आयरिशमन'ची वाट बघायची की नाही?

पिटातला (धागाकर्ता, ऑक्टोबर २०१९)

काल दुसऱ्या एका धाग्यावर स्कोर्सेसीच्या येऊ घातलेल्या 'द आयरिशमन' या गँगस्टरपटाचा विषय निघाला आणि एका सन्माननीय सदस्यांनी दोन ओळींत निकाल लावून टाकला : "चार म्हातारे, साडेतीन तास आणि कॉम्प्युटरने पुसलेल्या सुरकुत्या. आजोबांनो, घरी बसा, नातवंडं सांभाळा." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर द्यायला घेतलं होतं, लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

यातले नट : डी निरो ७६, पेशी ७६, पचिनो ७९, कायटेल ८०. स्कोर्सेसी पुढच्या महिन्यात ७७ चा होईल. वयं मलाही मोजता येतात हो. पण आजवर याच्या सिनेमातल्या गुंडांवर म्हातारं व्हायची वेळच आली नाही. एक तर गाडीच्या डिकीत गेले, नाही तर पोलिसांचे साक्षीदार होऊन कुठल्या तरी उपनगरात लपले. हा फ्रँक शीरन (डी निरो) मात्र वृद्धाश्रमात चाकाच्या खुर्चीत बसून हिशेब सांगतोय. ज्याला मारल्याचं सांगतोय तो जिमी हॉफा गायब झाला १९७५ मध्ये, शीरन मेला २००३ मध्ये. गोळी झाडायच्या आधीची दहा मिनिटं सगळ्यांनी दाखवून झाली. झाडल्यानंतरची २८ वर्षं कोण दाखवणार? आणि ती दाखवायला तिशीतला नट, केसांना पांढरा रंग फासून?

शिवाय पेशी! या माणसाने जवळजवळ संन्यास घेतला होता. या भूमिकेलाही कितीदा तरी नाही म्हणाला म्हणतात. पचिनो तर स्कोर्सेसीकडे पहिल्यांदाच काम करतोय, ७९ व्या वर्षी. आणि डी निरो-स्कोर्सेसी १९९५ च्या 'कसिनो'नंतर आत्ता पुन्हा एकत्र. नेटफ्लिक्सवर येतोय त्या दिवसाची, २७ नोव्हेंबरची, मी रजा टाकून ठेवली आहे. हसा.

मुद्द्याचं_बोला

ते सन्माननीय सदस्य मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, अब्रू जायची काही शिल्लक नाही.

वयाला माझा आक्षेप नाही, खोटेपणाला आहे. १९७४ मध्ये 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात तरुण व्हिटो कॉर्लिओने हवा होता तेव्हा कपोलाने ब्रँडोच्या सुरकुत्या पुसल्या का? नवा पोरगा आणला. तो पोरगा कोण? तुमचा डी निरो! ऑस्कर घेऊन गेला. आता त्याच न्यायाने आज कुणा तिशीतल्या पोराला ही संधी मिळायला हवी होती, तर हे आजोबा खुर्ची सोडायला तयार नाहीत.

ट्रेलर नीट बघा. चेहरा चाळिशीचा, डोळ्यांत निळ्या लेन्सेस, आणि खांदे? मान? खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात ठेवणारा मारेकरी मी तरी पाहिलेला नाही. परवा 'जेमिनी मॅन'ला गेलो होतो. तो तरुण विल स्मिथ बोलायला लागला आणि बायको म्हणाली, "हा मेणाचा आहे का?" पैसे देऊन मेणाचे पुतळे बघायचे तर लोणावळ्याला जाईन, वाटेत चिक्की तरी मिळेल.

सोळा_एमएम

'जेमिनी मॅन'शी तुलना चुकीची आहे. तिथे अख्खा माणूसच कॉम्प्युटरमध्ये घडवलाय. इथे समोर काम करणारा डी निरोच आहे. चेहऱ्यावर ठिपके चिकटवून, डोक्याला कॅमेरा बांधून ही मंडळी काम करणार नाहीत, हे स्कोर्सेसीने आधीच सांगितलं होतं. म्हणून आयएलएम या स्पेशल इफेक्ट्स कंपनीवाल्यांनी मुख्य कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इन्फ्रारेड कॅमेरा बसवला. नटाला पत्ताही नको की आपली मोजमापं घेतली जातायत. गुडघ्यांचं म्हणाल तर ते मान्य, गुडघे त्यांचेच आहेत.

आणि ब्रँडोचंच उदाहरण तुमच्यावर उलटतं बरं का. 'गॉडफादर'च्या वेळी तो ४७ चा होता, गालात कवळीसारखं काहीतरी बसवून म्हातारा केला होता. आपल्याकडे 'नटसम्राट' १९७० मध्ये आलं तेव्हा डॉ. लागू ४३ चे. कुणी म्हणालं का, की एका खऱ्या म्हाताऱ्या नटाची जागा अडवली म्हणून? तरुणाला म्हातारा केलेलं चालतं, म्हाताऱ्याला तरुण केलं की फसवणूक. हा कुठला न्याय?

जुनी_पेटी

+१. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही शालू नेसून उभे राहायचे. अंग सुटलेलं, चेहरा थकलेला. आमचे आजोबा सांगायचे, "शेवटी शेवटी आम्ही बघायला जात नव्हतो रे, ऐकायला जात होतो. डोळे मिटले की भामिनीच."

मुद्द्याचं_बोला

वा! डोळे मिटून बघायचा सिनेमा. साडेतीन तासांत तो प्रश्न तसाही सुटेल. फक्त डी निरो गात नाही एवढी एक अडचण आहे.

कडू_कारलं

पुरुषांनी पुरुषांबद्दल पुरुषांसाठी काढलेला धागा, म्हणून आत्तापर्यंत गप्प होते. एकच विचारते. ७६ वर्षांच्या बाईला तरुण दाखवायला कुठला निर्माता इतके कोटी डॉलर ओतेल? तिला चाळिशीतच नायकाची आई करतात. तुमच्या या म्हाताऱ्यांना तरुणपण परत मिळतं आणि त्यांच्याबरोबरीच्या नट्यांना कवळीच्या जाहिराती. चालू द्या.

पिटातला

@कडू_कारलं, मुद्दा बरोबर आहे, पण त्याचा राग या सिनेमावर का?

कडू_कारलं

मग कुठल्या सिनेमावर काढू ते सांगा, तो येईपर्यंत थांबते.

न्यूजर्सीकर

इथली परिस्थिती सांगतो. १ नोव्हेंबरपासून थिएटरला येतोय, पण एएमसी आणि रीगल या मोठ्या थिएटर-साखळ्यांनी लावायला नकार दिलाय. महिना होतो न होतो तोच नेटफ्लिक्सवर येणार म्हणून त्यांचा राग. आमच्या गावातली दोन्ही मल्टिप्लेक्स बाद. आता कुठल्या तरी छोट्या थिएटरसाठी तासभर गाडी हाणायची. तुम्ही लोक म्हणे १९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये मोबाईलवर बघणार. धन्य.

दुसरं, सिनेमा खुशाल बघा, पण शीरनच्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. मरायच्या आधी त्याने हॉफाचाच नाही, कुणाकुणाचा खून अंगावर घेतलाय. डेट्रॉइटच्या ज्या घरात मारलं म्हणतो तिथल्या जमिनीवरचं रक्त तपासलं, ते हॉफाचं निघालं नाही. ऑगस्टमध्ये 'स्लेट' या वेबमासिकात यावर मोठा लेख आलाय. प्रेत आजतागायत सापडलेलं नाही.

माझ्या इथल्या पहिल्या नोकरीत गोदामात एक जुना टीमस्टर होता, म्हणजे हॉफा पुढारी असलेल्या ट्रकवाल्यांच्या युनियनमधला. डब्याच्या झाकणाला आतून हॉफाचा फोटो चिकटवलेला. झाकण उघडून आधी फोटो आपल्याकडे वळवायचा, मग सँडविच काढायचा. म्हणायचा, माझ्या घराचे हप्ते या माणसाने फेडले. तुम्हाला हॉफा माहीत नसेल तर इथले दत्ता सामंत समजा.

डिलाईल_रोड

काय समजा??

हॉफाच्या युनियनच्या पेन्शन फंडातून माफियाने लास वेगासचे कसिनो बांधले. खटल्यातल्या ज्युरींना फोडल्याबद्दल तो तुरुंगात गेला, निक्सनने १९७१ मध्ये उरलेली शिक्षा माफ केली म्हणून सुटला. डॉक्टर सामंतांनी कुठल्या फंडातून कुठला कसिनो बांधला ते सांगा. नाही तर शब्द मागे घ्या.

न्यूजर्सीकर

अहो, कामगारांचा लाडका आणि शेवटी संपवलेला, एवढ्याच अर्थाने म्हटलं.

ठाणे_पश्चिम

लाडका? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप अजून अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. अडीच लाख माणसं रस्त्यावर आली. हॉफाने निदान घरांचे हप्ते फेडले, इथे घरंच गेली. लोअर परळच्या मॉलमध्ये पॉपकॉर्न खाताना डॉक्टरांचे आभार मानत जा.

डिलाईल_रोड

मॉल डॉक्टरांनी बांधले का हो? जमिनी कुणाच्या होत्या, विकायला परवानगी कुणी दिली, ते नाही बोलणार. १९४६ च्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता, मालकाने बोलायचं ते फक्त तिच्याशी. कामगाराला ती नको होती, म्हणून तो डॉक्टरांच्या घाटकोपरच्या घरी चालत गेला. डॉक्टर परळला बोलवायला आले नव्हते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. आमच्या खोलीत संपाच्या काळात सकाळचा चहा बंद झाला, तो पुढेही कधी सुरू झाला नाही, आईची सवयच मोडली. तरी वडलांनी डॉक्टरांना कधी शिवी दिली नाही. पवईला डॉक्टरांवर गोळ्या झाडल्या त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुम्ही ठाण्यात बसून आम्हाला मॉल शिकवू नका.

ठाणे_पश्चिम

ठाण्यात हौसेने नाही आलो. माझेही वडील गिरणीतच होते, बदली कामगार. फूट पडायला लागली तेव्हा कामावर गेले. पहाटे कंपनीच्या लॉरीत, ताडपत्रीखाली, गुडघ्यात डोकं घालून. चाळीतल्यांनी आमच्या दाराला चपलांची माळ घातली. तीन पोरं होती त्यांना. ते तुमच्या लाडक्या डॉक्टरांच्या भाषणात नव्हतं. त्या चाळीत पुन्हा राहणं शक्य नव्हतं, म्हणून ठाणे.

डिलाईल_रोड

चपलांची माळ चूकच. पण तुमचे वडील त्या लॉरीत बसले म्हणून माझ्या वडलांची फंडाची रक्कमही अडकली, हे पण लिहून ठेवा.

जुनी_पेटी

धाग्याचं काश्मीर झालेलं आहे. पचिनो कुठे, पवई कुठे.

न्यूजर्सीकर

मी फक्त हॉफा कोण ते सांगायला गेलो होतो…

सोळा_एमएम

खरं तर अवांतर नाहीच हे. युनियन, पैसा, गुंड, खून. आपल्याकडे १९९४ मध्ये एका गिरणीमालकाला भर रस्त्यात महालक्ष्मीला गोळ्या घातल्या. एवढं सगळं आपल्या अंगणात घडलेलं असून आपले गँगस्टरपट मात्र बारबाला आणि दुबईच्या फोनवर अडकलेले. ट्रकवाल्यांच्या युनियनवर साडेतीन तासांचा सिनेमा निघतो, यातच माझं तिकीट वसूल आहे.

मुद्द्याचं_बोला

हे आधी सांगितलं असतंत तर मी नातवंडांपर्यंत गेलोच नसतो. ट्रेलरमध्ये दिसतो तो फक्त चष्मा काढून डोळे वटारणारा पचिनो, युनियनचं कोण बोलतंय? ठीक आहे, बघेन. एका बैठकीत नाही, चार हप्त्यांत. मेणाचे चेहरे दिसले तर इथेच येऊन स्क्रीनशॉटसकट लिहीन, पळून जाऊ नका.

पिटातला

चार हप्त्यांत बघणाऱ्याला मत द्यायचा अधिकार नाही.

कडू_कारलं

रजा टाकून घरात साडेतीन तास पडून राहणाऱ्याला आहे का, ते तुमच्या घरात विचारून सांगा.

ठाणे_पश्चिम

@डिलाईल_रोड, फंडाचं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बोलू. तुमच्या वडलांची कुठली गिरणी?

न्यूजर्सीकर

२७ ला भारतात दुपारी दीडच्या सुमारास येईल. आणि नेटफ्लिक्सचा पासवर्ड मला कुणी मागू नये, गेल्या खेपेला पुण्याच्या तीन मावसभावांनी मिळून मलाच बाहेर काढलं होतं.