‘शास्ते’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : आमच्या तरुण संघात सध्या बायबलमधले ‘शास्ते’ पुस्तक वाचतो आहोत. एका मुलीने विचारले, शास्ता म्हणजे कोण? मी पटकन ‘न्यायाधीश’ म्हणाले आणि अडकले. त्यातल्या शमशोन या शास्त्याने गाढवाच्या जाभाडाने हजार माणसे मारली, पण निवाडा कुणाचा केला? मग हा शब्द इथे कसा आला?

प्रतिसाद : ताई, मूळ हिब्रू शब्द आहे ‘शोफेत’, अनेकवचन ‘शोफ्तीम’. या धातूत न्याय करणे आणि कारभार पाहणे हे दोन्ही अर्थ आहेत. कार्थेज नगरात दरवर्षी दोन प्रमुख कारभारी निवडत, त्यांच्या पदाचे नावही याच सेमिटिक धातूचे. म्हणजे कोर्टातला न्यायाधीश हा अर्थाचा एक कोपरा झाला. मराठी भाषांतरकारांनी ‘शास्ते’ निवडले ते मला फार योग्य वाटते. संस्कृत ‘शास्’ म्हणजे शिकवणे, आज्ञा करणे, ताब्यात ठेवणे, शिक्षा करणे. शासन, शास्त्र, शिष्य ही सगळी त्याच घरची. बुद्धालाही ‘शास्ता’ म्हणतात, तिथे अर्थ गुरूचा. (शास्ताखानाचा इथे संबंध नाही, ते फारसी ‘शाइस्ता’.)

अडचण एकच. आज कानावर पडते ती ‘शास्ती’, म्हणजे दंड. त्यामुळे शास्ता म्हटले की दंड करणारा डोळ्यांपुढे येतो. पुस्तकातला क्रम तसा नाही. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा, त्याची पिढी गेली, परमेश्वराला न ओळखणारी पिढी आली, लोक बआल या परक्या दैवताच्या मागे लागले, शत्रूच्या हाती सापडले, देवाकडे ओरडले, आणि मग देवाने शास्ता उभा केला. तो आला सोडवायला. अथनिएल आणि एहूद या पहिल्या दोन शास्त्यांना तर मूळात ‘मोशीया’ म्हटले आहे, म्हणजे सोडवणारा. यहोशवा नाव याच धातूचे.

प्रतिसाद : मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी. आमच्याकडे या पुस्तकाला ‘शोफ्तीम’च म्हणतात. इस्राएलमध्ये आजही कोर्टातला न्यायाधीश म्हणजे शोफेत, त्यामुळे तिथल्या मुलांनाही हाच प्रश्न पडतो. एक गोष्ट मात्र हिब्रूत वाचताना लक्षात येते. दुसऱ्या अध्यायात ‘शोफ्तीम’ सरसकट सगळ्यांसाठी येतो. पुढच्या कथांमध्ये माणसांना क्रियापद लावले आहे, अमक्याने इतकी वर्षे न्याय केला असे. ‘शोफेत’ हे नाम एकट्याला लावले आहे ते फक्त परमेश्वराला, इफ्ताह या शास्त्याच्या निरोपात, अकराव्या अध्यायात. गिदोन या शास्त्याला तर क्रियापदही लावलेले नाही.

प्रश्नकर्ती : हे माहीत नव्हते. गिदोन तर सगळ्यांचा आवडता!

प्रतिसाद : गिदोनापाशी थांबायलाच हवे. लोक म्हणाले, आमच्यावर राज्य कर. तो म्हणाला, मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वर राज्य करील. पुढाऱ्याच्या तोंडी याहून निर्मळ वाक्य या पुस्तकात नाही. आणि लगेच त्याने लुटीतली कर्णभूषणे मागितली. १,७०० शेकेल (त्या काळचे वजन) सोने जमले, त्याचे एफोद, म्हणजे याजकाच्या वस्त्रासारखी वस्तू, करून आपल्या अफ्रा गावी ठेवले आणि सारे इस्राएल त्या एफोदाच्या नादी लागले. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटते, कारण तो खोटे बोलला असे वाटत नाही.

संघात आणखी एक शब्द जरूर दाखवा : देशाला ‘विसावा’ मिळाला. अथनिएलानंतर ४० वर्षे, एहूदानंतर ८०, दबोरा या स्त्रीनंतर ४०, गिदोनाच्या दिवसांत ४०. त्यानंतर देशाबद्दल हा शब्द पुन्हा येत नाही. इफ्ताहाची ६ वर्षे, शमशोनाची २०, पण विसावा नाही. शमशोनाच्या वेळी तर लोक देवाकडे ओरडतही नाहीत. इस्राएलातल्या यहूदा वंशाची ३,००० माणसे त्याच्याकडे जाऊन म्हणतात, पलिष्टी (शेजारचे शत्रू लोक) आपल्यावर राज्य करतात हे तुला ठाऊक नाही का? आणि त्यालाच बांधून शत्रूच्या हाती देतात. श्रद्धा ढळणे म्हणजे नुसते मूर्तीपुढे वाकणे नाही. गुलामी अंगवळणी पडते, सुटका मागावीशीच वाटत नाही, तेही ढळणेच.

प्रश्नकर्ती : शेवटचे विचारते. दबोराला काय म्हणायचे? ‘शास्ता’ तर पुल्लिंगी.

प्रतिसाद : संस्कृतात कर्ता-कर्त्री तसे शास्ता-शास्त्री होईल, पण मराठीत शास्त्री म्हटले की पंडितच समजतात, म्हणून ते नको. हिब्रूत तिच्यासाठी त्याच क्रियापदाचे स्त्रीलिंगी रूप आहे, ‘शोफ्ता’. तिथल्यासारखेच क्रियापद वापरा : दबोरा त्या काळी इस्राएलाचा न्याय करत असे. रामा आणि बेथेल यांच्यामध्ये, एफ्राइमाच्या डोंगराळ भागात, ती खजुरीच्या झाडाखाली बसे आणि लोक निवाड्यासाठी तिच्याकडे चढून येत. तुमचा ‘न्यायाधीश’ हा अर्थ शब्दशः लागू पडतो तो इथेच.