मदत हवी आहे: गाडी धुण्याआधी मारायचा फोम कुठला घ्यावा? (गडद रंग, बोअरचं पाणी, यावल-भुसावळची धूळ)

राम राम मंडळी,

गडद निळी गाडी घेतली आहे. खान्देशात गडद रंग का घेऊ नये हे घरच्यांनी सांगून झालंय, त्यामुळे तेवढं सोडून बोला.

मुक्काम यावल तालुक्यात. रोजचं भुसावळ, अधूनमधून जळगाव आणि पुढे धुळ्याकडे ५३ नंबरचा हायवे. शेतरस्त्याला काळ्या मातीचा फुफाटा, वारा तिकडून असला की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख, आणि केळीची कापणी चालू असली की चीक. इतकं सगळं एकाच गाडीवर बसतं.

वॉशिंग सेंटरला देणं बंद केलंय. एकाच बादलीत दिवसभर बुडणारं फडकं, त्यात कपड्यांची पावडर, वर खालून डिझेलचा फवारा! घरी प्रेशर वॉशर आणि त्याला जोडायचा फोम कॅनन (फेस मारायची बाटलीवाली बंदूक) आहे, दोन बादल्या आहेत, मायक्रोफायबरचा हातमोजा आहे. अडलंय ते त्याच्या आधीच्या पायरीवर. हात लावण्याआधी जेवढी धूळ सुटून वाहून जाईल तेवढी जाऊ द्यायची, हे कळतं. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, आणि राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना. मोज्याखाली ती सापडली की उन्हात गोल गोल ओरखडे दिसणारच.

वाचून जे समजलं ते असं. एक, न्यूट्रल स्नो फोम. पीएच सातच्या आसपास, वॅक्सला धक्का नाही, पण जोरही कमी. दुसरा सिट्रस प्री-वॉश, त्याचा पीएच कंपनीगणिक वेगळा, बाटलीवरचं संत्र्याचं चित्र बघून काही कळत नाही. तिसरा टीएफआर, म्हणजे ट्रॅफिक फिल्म रिमूव्हर. हा चांगलाच अल्कधर्मी, काहींत चक्क कॉस्टिक सोडा. तेलकट थर झटकन सोडतो, पण वॅक्सही नेतो आणि उघड्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पांढरट पाडतो.

माझ्या शंका:

आपल्याकडच्या धुळीला टीएफआरची गरज आहे का? विलायतेत थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या ओल्या काजळीसाठी लोक तो वापरतात. आपली तर माती.

बाटलीवर "१:१००" लिहिलंय. हे फोम कॅननच्या बाटलीतलं प्रमाण की गाडीवर पडणाऱ्या फोमातलं? कॅननमध्ये पुढे मशीनचं पाणी पुन्हा मिसळतंच की.

आणि "पाच मिनिटं राहू द्या" हे ज्याने लिहिलं तो मे महिन्यात जळगावला आलेला नसावा. ४४ अंशांत बॉनेटवर फोम दोन मिनिटं टिकत नाही, वाळून डाग पडतो. शिवाय बोअरचं पाणी असं, की ठिबकचे ड्रिपर क्षारांनी बंद होतात. तेच पाणी गाडीवर.

ब्रँड सुचवलात तरी चालेल, पण बाटली कशी पारखायची ते सांगितलंत तर जास्त उपयोग.

गिरणाथडी:
प्रमाणाचं आधी सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच चुकतात. १:१०० हे बहुतेक वेळा गाडीवर पडणाऱ्या द्रावणाचं असतं, तरी लेबल नीट वाचा. कॅननच्या बाटलीत एक लिटर साधं पाणी भरा, रिकाम्या ड्रममध्ये मारा. बाटली संपेपर्यंत ड्रममध्ये किती लिटर जमलं ते मोजा. दहा लिटर जमलं तर एक टक्क्यासाठी बाटलीत १०० मिली औषध, वर ९०० मिली पाणी. प्रत्येक मशीनचं वेगळं येतं, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका. "पंपाला किती मिली" हे शेतकऱ्याला काय शिकवायचं म्हणा.

टीएफआर पूर्ण गाडीवर नको. माती आणि राख हे खनिज कण आहेत, त्यांना भिजवून, ढिलं करून, पाण्याच्या दाबाने खाली आणायचं असतं. कॉस्टिकने माती विरघळत नाही. तेलकट थर असतो तो खाली, चाकांमागे आणि दाराच्या तळपट्टीला, हायवेवर ट्रकच्या मागे राहिलं की. तिथे हलका अल्कधर्मी प्री-वॉश पातळ करून मारा, वर छप्पर-बॉनेटला न्यूट्रल फोम. डांबराचे ठिपके यापैकी कशानेही जाणार नाहीत, त्याला टार रिमूव्हर वेगळा.

धुळेकर:
घरमा फवारणीना पंप शे ना भो? मंग कसाले एवढा खर्च करस!

थट्टा सोडा, पण बॅटरीचा पंप खरंच चालतो. फोम दिसायला छान, काम ओलाव्याचं असतं. पंपातून मारलं तर पुढे पाणी मिसळत नाही, म्हणून एक टक्का म्हणजे दोन लिटरला २० मिली, हिशोब संपला. पंप मात्र नवा घ्या. तणनाशक मारलेला पंप धुऊन गाडीला वापरू नका, आणि गाडीचं औषध मारलेला पिकाला तर नकोच.

गिरणाथडी:
मी कोरड्या गाडीवरच मारतो. आधी पाणी मारलं की औषध पातळ होतं, पकड राहत नाही.

भुसावळ_जंक्शन:
हे हिवाळ्यात बरोबर. एप्रिल-मेमध्ये कोरड्या, तापलेल्या पत्र्यावर मारलं तर धागाकर्त्याचे डाग पक्के. माझी पद्धत: पहाटे, रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी. आधी साध्या पाण्याने पत्रा गार करायचा, पाणी निथळू द्यायचं, मग खालून वर फोम मारत जायचं. वेळ घड्याळात बघू नका, फोम वाळायच्या आत धुवा. नाही निघालं तर दुसऱ्यांदा मारा, पण तीव्रता वाढवू नका. धुताना वरून खाली. उन्हाळ्यात मी एका वेळी एकच बाजू घेतो.

राखेचं म्हणाल तर तुम्ही वारा असला की भोगता, आम्ही रोज. कोरडं फडकं किंवा पिसांचा झाडू अजिबात मारायचा नाही. सोसायटीतले निम्मे लोक सकाळी तेच करतात, आणि मग पॉलिश करून घ्यायला जळगाव गाठतात.

ठिबकवाला:
बाटली पारखण्याबद्दल. विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट मागा. त्यात पीएच लिहिलेला असतो आणि घटकही. सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच कॉस्टिक सोडा) किंवा सोडियम मेटासिलिकेट दिसलं की समजा जोरदार अल्कधर्मी आहे, बाटलीवर "सेफ" लिहिलेलं असो वा नसो. चाकांच्या काही क्लीनरमध्ये अमोनियम बायफ्लोराइड असतं, ते घरात आणूच नका, रंगापेक्षा हाताला धोका. शीट मिळाली नाही तर ठिबकला ॲसिड ट्रीटमेंट करताना जो पीएच पेपर लागतो, तोच वापरा. वापरायच्या प्रमाणात पातळ करून बुडवा, कारण गाडीवर तेच पडणार.

आणि ठिबकचं ॲसिड पाण्याच्या डागांवर लावायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका. डाग जाईल, सोबत बाकीचंही जाईल.

क्षाराचा उपाय सोपा आहे. फोम आणि धुणं बोअरच्या पाण्याने करा, शेवटचा हात जारच्या पाण्याचा. पंपात भरून वरून सोडलं की एका गाडीला एक जार पुरतो. पण आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) बुडवून बघा. सगळेच जार आरओचे नसतात, काहींत नुसतं गार केलेलं पाणी असतं. मग लगेच टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका.

धागाकर्ता:
खूप धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे न्यूट्रल फोम सगळीकडे, तळपट्टीला हलका अल्कधर्मी, ड्रमवर मोजून प्रमाण. पीएच पेपर घरात आहेच, हे लक्षातच आलं नव्हतं.

एक राहिलं. केळीचा चीक या फोमने जातो का? आणि फवारणीत टाकतो ते स्टिकर फोममध्ये घातलं तर जास्त चिकटेल, असं चुलतभाऊ म्हणतोय.

ठिबकवाला:
चुलतभावाला पानं आणि पत्रा यातला फरक सांगा. स्टिकर औषध पानावर पसरून टिकून राहावं म्हणून असतं, तुम्हाला तर सगळं धुऊन काढायचंय.

चीक ओला असेल तर शेतातच पाणी ओतून काढा. वाळून तपकिरी झाला की फोम फार काही करत नाही. गाडी पूर्ण धुऊन झाल्यावर, तेवढ्याच डागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान, मायक्रोफायबरवर घेऊन, थोडा वेळ नुसतं टेकवून ठेवा आणि टिपा. तिथलं वॅक्स जाईल, परत लावा. आधी दाराच्या आतल्या कडेला करून बघा.

भुसावळ_जंक्शन:
आणि कापणीच्या दिवसांत गाडी बांधावरच ठेवा की, ट्रॅक्टर आहे ना आत जायला.